रिपोर्ट वाचणारा आणि गोळ्या विकणारा एकच नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत रक्त तपासून प्रत्येकाला त्याच्या गरजेनुसार व्हिटॅमिनच्या गोळ्या देण्याबद्दल लेख आला होता आणि त्याच पानावर खाली तसल्याच एका पॅकेजची मोठी जाहिरात होती. दोन्ही वाचलं आणि रात्री झोपच लागेना, म्हणून हे पत्र. मी साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २९ वर्षं टेक्निशियन होते. रक्त काढणं, ट्यूब फिरवणं, मशिनवर लावणं, रिपोर्ट टाईप करणं सगळं या हातांनी केलंय, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा कसा जन्माला येतो ते मला माहितीये आणि तो कुठे कुठे चुकू शकतो तेही माहितीये. लेखात ते काहीच नव्हतं.

आधीच सांगते, मी टेस्टच्या विरोधात नाही. कॉम्प्युटरच्या तर अजिबात नाही. पण आमच्याच घरात जे झालं ते ऐका.

माझी धाकटी जाऊ, वय ४३. गेल्या वर्षी दिवाळीनंतर केस फार गळायला लागले म्हणून तिने मोबाईलवर बघून एक पॅकेज घेतलं. मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, ८७ टेस्ट, दुसऱ्या दिवशी ३४ पानांची पीडीएफ. हिरवे, पिवळे, लाल रंग, मध्ये गोल काटा आणि त्यात १०० पैकी ६१ मार्क. खाली लिहिलेलं की तुमच्या रक्तानुसार आमच्या सिस्टीमने तुमच्यासाठी खास फॉर्म्युला बनवलाय, आणि लगेच पैसे भरायचं बटण. आठ दिवसांत ३० पाकिटांचा डबा आला, प्रत्येक पाकिटावर तिचं नाव छापलेलं. महिन्याला २,९०० रुपये. तिला इतकं बरं वाटलं ते नाव बघून, म्हणाली ताई बघा ना, फक्त माझ्यासाठी बनवलंय. मी पण त्या वेळी काही बोलले नाही, आणि याची मला आजही रुखरुख आहे.

तीन महिन्यांनी त्याच कंपनीने परत टेस्ट केली तर थायरॉईडच्या टेस्टमधलं टीएसएच ०.०८, म्हणजे फारच कमी, आणि टी-फोर वाढलेलं. घाबरून ती डॉक्टरकडे गेली, डॉक्टर म्हणाले थायरॉईड जास्त काम करतोय, स्कॅन करू आणि औषध सुरू करू. मी तिला नीट बघितलं. धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन होतं तेवढंच, घाम नाही, झोप व्यवस्थित. माणूस एक सांगतोय आणि कागद दुसरंच. मग मी तो डबा मागवला आणि चष्मा लावून पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम.

आता हे जरा सविस्तर सांगते कारण हे लोकांना कोणीच सांगत नाही. बायोटिन म्हणजे केसांच्या, नखांच्या गोळ्यांत आणि गमीमध्ये हमखास असणारं बी व्हिटॅमिन. शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि गोळीत पाच हजार, दहा हजार. गंमत म्हणून नाही सांगत, पण लॅबमधल्या बऱ्याच मशिनची टेस्टच मुळात बायोटिनवर चालते, म्हणजे किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं एक प्रोटीन असतं, दोघं एकमेकांना घट्ट धरतात आणि त्या पकडीवरून मशिन आकडा काढतं. रक्तातच बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर ते मध्येच जाऊन ती जागा अडवून बसतं आणि सगळं गणित बिघडतं. टीएसएच खोटं कमी येतं, टी-फोर खोटं जास्त येतं, म्हणजे हुबेहूब थायरॉईड वाढल्याचं चित्र. हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्टसुद्धा खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारं तिथलं सरकारी खातं) नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, त्यात भरपूर बायोटिन घेणाऱ्या एका पेशंटची ट्रोपोनिन खोटी कमी आली आणि तो पेशंट दगावला असा रिपोर्ट आल्याचं म्हटलं होतं. आणि काही मशिनवर व्हिटॅमिन डी आणि बी-१२ खोटं जास्त येतं, म्हणजे कमतरता असून सगळं हिरव्या रंगात.

जावेला म्हणलं, आठ दिवस सगळं बंद कर, एकही पाकीट नको. नवव्या दिवशी मीच रक्त काढलं, आमच्या जुन्या लॅबमध्ये लावलं, टीएसएच २.६. एकदम नॉर्मल. थायरॉईडला काहीच झालेलं नव्हतं. थोडक्यात वाचली, नाहीतर नसलेल्या आजाराचं औषध सुरू झालं असतं, आणि ते औषध काही साधं नसतं.

बघा काय झालं ते. टेस्ट त्यांची, सल्ला त्यांच्या सिस्टीमचा, गोळी त्यांची, त्या गोळीनेच पुढची टेस्ट बिघडवली, आणि ती बिघडलेली टेस्ट वाचून परत सल्ला द्यायला तीच सिस्टीम. तिला माहिती होतं की या बाईला आपणच बायोटिन देतोय. तरी रक्त काढायच्या आधी "तीन दिवस पाकीट बंद ठेवा" एवढा एक मेसेज आला नाही. कॉम्प्युटरला हे शिकवणं अवघड आहे का हो? एका ओळीचं काम आहे.

दुसरी गोष्ट त्या लाल रंगाची. नॉर्मल रेंज कशी ठरते हे लोकांना माहिती नसतं. बऱ्याच टेस्टची रेंज अशी काढतात की निरोगी माणसं घ्यायची, त्यांचे आकडे लावायचे आणि मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. म्हणजे १०० धडधाकट माणसांतले ५ जण काहीही झालेलं नसताना रेंजच्या बाहेर पडणारच, ठरवूनच तसं केलंय. आता एका निरोगी माणसाच्या २० टेस्ट करा, त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरा, तर निदान एक तरी रेंजबाहेर यायची शक्यता ६४ टक्के. ८७ केल्या तर सगळ्या हिरव्या यायची शक्यता जेमतेम एक टक्का. त्यामुळे ज्याला गोळी विकायचीय त्याला मोठ्या पॅकेजमधून काहीतरी लाल सापडणारच, माणूस कोणीही असो. आमच्या वेळचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर नेहमी विचारायचे, ही टेस्ट कशासाठी मागवलीय, आणि उत्तर नसेल तर फोन लावून विचारायचे. तो प्रश्नच आता गेला.

अमेरिकेत तर हे २००६ सालीच उघडकीला आलंय. तिथल्या संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणारं गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस आहे, त्यांनी चार वेबसाईटवरून डीएनएवर आधारित आहाराच्या टेस्ट मागवल्या, १४ खोटी गिऱ्हाइकं उभी केली, पण डीएनए फक्त दोघांचा, बहुतेक सगळा एका लहान मुलीचा आणि थोडा एका पुरुषाचा. फॉर्ममध्ये मात्र वय, सिगारेट, व्यायाम, खाणंपिणं वेगवेगळं भरलं. तर एकाच मुलीच्या डीएनएवर वेगवेगळे सल्ले आले, जसा फॉर्म तसा सल्ला. एका साईटने "खास तुमच्यासाठी" म्हणून वर्षाला साधारण १,२०० डॉलरच्या गोळ्या सुचवल्या आणि त्यातले घटक तपासले तर तसलीच व्हिटॅमिन्स किराणा दुकानात वर्षाला ३५ डॉलरला मिळत होती. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, आता तेच आपल्याकडे मराठीतून जाहिरात करून येतंय.

पण माझं म्हणणं एवढंच असतं तर मी टेस्ट करू नका म्हणून मोकळी झाले असते. तसं नाहीये, कारण योग्य माणसाची योग्य टेस्ट झाली तर काय होतं तेही मी घरातच पाहिलंय.

माझ्या सासूबाई माळकरी. अंडं-मटणाचा प्रश्नच नाही, आणि दूध म्हणाल तर घरातलं दूध नातवंडांना, स्वतःला फक्त चहापुरतं, आयुष्यभर तसंच. त्यात ११ वर्षं शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू. पायाला मुंग्या यायच्या, सगळे म्हणायचे शुगरमुळे असणार. एक दिवस देवळातून आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून, दुसरी वाटेत कुठे निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. पायाला जाणीवच नाही. मी तसंच त्यांना बसवलं, रक्त काढलं, फक्त बी-१२ लावलं. ११८. आमच्याकडे २०० च्या खाली कमी धरतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं हे डॉक्टरांना माहिती असतं, पण गर्दीत राहून जातं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, मग गोळ्या. सहा-सात महिने लागले पण आता त्या अंगणात अनवाणी उभ्या राहिल्या की फरशी गार आहे का गरम ते सांगतात. एक टेस्ट, एक कारण, एक औषध. हिला म्हणतात माणसाप्रमाणे उपचार, आणि त्यासाठी ८७ टेस्ट लागल्या नाहीत, बाई काय खाते आणि कुठली गोळी घेते हे माहिती असणं लागलं.

आणि याचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय याचा मला फार अभिमान आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाच्या आधीपासून आणि मग त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं आणि फोलेट (फोलिक ॲसिडवालं बी व्हिटॅमिन) मात्र जवळपास कोणाचंच कमी नव्हतं. ज्या आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, पुढे शुगरचा धोका) सगळ्यात जास्त दिसला, २००८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे नुसतं "व्हिटॅमिन कमी आहे, व्हिटॅमिन द्या" असं नसतं, कुठलं कमी आणि त्याच्या जोडीला कुठलं जास्त हे बघावं लागतं. बी-१२ कमी असणाऱ्याला नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं, हे तर आम्हाला डिप्लोमाला शिकवलं होतं. पुढे याच मुलांना किशोरवयात बी-१२ देऊन बघितलं तेव्हा डोस होता दिवसाला २ मायक्रोग्रॅम. दोन! बाजारात १५०० ची गोळी सरसकट मिळते. ज्याच्या पोटात ते शोषलंच जात नाही त्याला मोठा डोस लागतो हे बरोबर आहे, पण तो सगळ्यांना लागत नाही, आणि कोणाला लागतो हे विचारल्याशिवाय कळत नाही.

लोहाचंही तेच. देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे हा, त्यामुळे लोहाच्या गोळीला मी नावं ठेवणार नाही. पण माझ्या पुतणीला डेंग्यू झाला, बरी झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिच्या आईने तेच पॅकेज तिचंही केलं (तेव्हा थायरॉईडचं प्रकरण व्हायचं होतं). हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमी, आणि फेरिटिन (लोहाचा साठा बघायची टेस्ट) भरपूर, तर सिस्टीमने लिहिलं लोहाचा साठा उत्तम, लोहाची गरज नाही. अहो फेरिटिन ताप, इन्फेक्शन, सूज कशानेही वाढतं, डेंग्यूत तर खूपच वाढतं, तो साठा नसतो. सोबत सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी टेस्ट) बघायचं किंवा थोडं थांबून परत करायचं. दोन महिन्यांनी परत केलं तर फेरिटिन ७. पोरीला लोहाची खरी गरज होती आणि नेमकी तीच गोळी पाकिटात नव्हती.

आणि उलटही होतं. थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) असलेल्या माणसाच्या लाल पेशी बारीक दिसतात, बघणाऱ्याला वाटतं लोह कमी, आणि वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू राहतात. खरं म्हणजे इथे एक साधा भागाकार आहे, एमसीव्हीला (लाल पेशींचा सरासरी आकार) लाल पेशींच्या संख्येने भागायचं, उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा आणि पुढची टेस्ट सांगायची. १९७३ पासून माहिती असलेली गोष्ट. मी वहीवर करायचे, ६४ भागिले ५.८, आलं ११, की पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना स्लाईड दाखवायची. आता हे काम कॉम्प्युटरचं आहे! प्रत्येक सीबीसीवर (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) एका क्षणात होईल, लग्नाच्या वयातल्या मुलामुलींना केवढा उपयोग होईल, दोघंही मायनर असतील तर बाळाला मोठा थॅलेसेमिया होऊ शकतो, ते निदान आधी कळेल. जावेच्या आणि पुतणीच्या दोन्ही पीडीएफ मी पानन् पान वाचल्या, हे कुठे नव्हतं. मार्क होते, काटा होता.

व्हिटॅमिन डी बद्दल थोडंच लिहिते. निवृत्त व्हायच्या आधीची गोष्ट, एका ६८ वर्षांच्या गृहस्थांचं कॅल्शियम १३.२, म्हणजे फारच जास्त, आलं. मशिन चुकलं असेल म्हणून परत लावलं, तेच. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बोलताना गोंधळ. डी लावलं तर मशिन आकडाच देईना, नुसतं १५० पेक्षा जास्त. मी स्वतः डॉक्टरांना फोन केला, तसा नियमच असतो असा आकडा आला की. नंतर कळलं, व्हिटॅमिन डीची आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पावडर ते रोज घेत होते, वर कॅल्शियमच्या गोळीतलं डी वेगळं आणि मुलाने पाठवलेल्या डब्यातलं वेगळं. तिघांनी दिलं, बेरीज कोणीच केली नाही. किडनीवर आलं होतं, दवाखान्यात दहा दिवस काढले. निरोगी माणसाची सरसकट डी टेस्ट करू नये असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०२४ च्या गाईडलाईनमध्ये सुचवलंय, आणि आपल्याकडे प्रत्येक पॅकेजमध्ये ती पहिली असते.

"जास्त झालं तर लघवीतून जाईल" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. सगळं जात नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर केलेल्या अभ्यासात बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, १९९४ ची गोष्ट. चांगलं होईल म्हणून दिलेली गोळी होती ती.

आता माझं मागणं काय ते सांगते. रिपोर्ट वाचून सल्ला देणारा आणि त्या सल्ल्यावर गोळी विकणारा एकच नसावा. डॉक्टरने स्वतःच्या दवाखान्यात दुकान टाकलं तर आपण नाक मुरडतो ना, मग हे काय वेगळं आहे. आणि कॉम्प्युटर वापरायचाच असेल, जरूर वापरा, पण त्याने आधी विचारावं, काय खाता, कुठल्या गोळ्या चालू आहेत, अलीकडे ताप आला होता का, पाळी कशी आहे, दिवस गेलेत का, आणि ही उत्तरं न देता रिपोर्ट निघूच नये. जावेच्या पाकिटावर कायद्याप्रमाणे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हे औषधी वापरासाठी नाही, आणि त्याच कंपनीची पीडीएफ म्हणत होती तुमची कमतरता भरून काढू. यातलं खरं कुठलं ते अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एकदा विचारावं त्यांना.

आणि संपादक साहेब, राग मानू नका पण तुम्हालाही एक सांगणं आहे. लेख आणि त्याच मालाची जाहिरात एका पानावर नको. माझ्या जावेसारख्या बायका पेपरात आलंय म्हणजे खरं असणार असं धरून चालतात, आमच्या घरी तुमचा पेपर सासऱ्यांच्या वेळेपासून येतो.

पुढच्या एखाद्या पुरवणीत निदान एक छोटी चौकट छापा. रक्त द्यायला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे डबे पिशवीत घालून न्या, केसांच्या गोळ्या, जिमची पावडर, आयुर्वेदिक, सगळं, आणि रक्त काढणाऱ्याला दाखवा, आणि बायोटिन असेल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा. आमच्या जुन्या लॅबमध्ये मी गेल्या महिन्यात जाऊन सांगितलं तर तिथल्या पोरांनी लगेच रजिस्ट्रेशनच्या स्लिपवर पेनने एक ओळ वाढवली, "केसांच्या/नखांच्या गोळ्या चालू आहेत का?", आणि पहिल्याच आठवड्यात नऊ जणींनी हो म्हणून सांगितलं.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
सातारा